मांडणीचे व्याकरण : त्रिमिति-रेखनाच्या संगणकीय साधनांचा इतिहास आणि मराठीची पदसंपत्ती

१

शिरूर तालुक्याच्या दक्षिण अंगास, भीमेच्या काठी, वडगाव रासाई हे गाव आहे. पुणे जिल्ह्यात वडगावे पुष्कळ आहेत : वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक अशी त्यांची नावे सर्वपरिचित आहेत. नुसते ‘वडगाव’ म्हटल्याने एका नावाची अनेक गावे डोळ्यांपुढे येतात. ‘रासाई’ हे देवीवाचक पद जोडले म्हणजे त्यांतील एक गाव नेमके हाती लागते. आता या गावात नदीकाठी उभा असलेला मनुष्य दौंड तालुक्याचा उल्लेख ‘नदीपलीकडे’ असा करील आणि पैलतीरावरचा मनुष्य त्याच शब्दाने शिरूर तालुक्याकडे बोट दाखवील. शब्द एकच, नदीही एकच. परंतु बोलणाऱ्याचे स्थान बदलताच शब्दाचा निर्देश उलटतो. उलटपक्षी ‘उगवतीला’ आणि ‘मावळतीला’ हे शब्द दोन्ही तीरांवर एकच दिशा दाखवितात.

वरवर पाहता या गोष्टींचा संगणकाशी काही संबंध नाही. तथापि संगणकाच्या पडद्यावर घन वस्तू रचण्याची जी साधने गेल्या साठ वर्षांत निर्माण झाली, त्यांच्या कर्त्यांना नेमक्या याच प्रश्नांशी झगडावे लागले आहे. एकाच साच्याच्या अनेक वस्तूंना वेगळे कसे ओळखावे? वस्तू ‘पुढे’ सरकवावयाची म्हणजे कोणाच्या पुढे? ‘वर’ म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेकडे, की जमिनीपासून उंच? या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : स्थान सांगावयाचे ते कशाच्या आधाराने? नवशिक्यांसाठी केलेल्या त्रिमिति-रेखन साधनांचा इतिहास हा या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय, आणि त्या उत्तरांना लागणारी पदे मराठीत मोठ्या प्रमाणात आधीच तयार आहेत, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

हा प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा राहिलेला नाही. २०१६ मध्ये अटल इनोव्हेशन मिशनने शाळांतून प्रयोगशाळा उघडण्यास आरंभ केला आणि त्रिमिति-मुद्रणाचे यंत्र शाळेच्या आवारात आले. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काही महाविद्यालयांना प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची अनुमती दिली व त्यांत मराठीचाही समावेश झाला. अर्थात या क्रियांना मराठीत काय म्हणावयाचे, हे आता ठरत आहे. पारिभाषिक शब्द एकदा पाठ्यपुस्तकात स्थिरावला म्हणजे तो पिढ्यान्‌पिढ्या हालत नाही. म्हणून तो स्थिरावण्यापूर्वीच त्याची परीक्षा होणे इष्ट आहे.

२

स्थाननिर्देशाची शिस्त याच तालुक्याने संगणकापूर्वीच पाहिली आहे. घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ पासून सुमारे दीड दशक उत्खनन झाले. ह. धी. सांकळिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या नावांशी निगडित असलेला त्याचा विस्तृत अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या कालखंडातील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ही वसाहत होय. उत्खननात सापडलेल्या वस्तूची नोंद तीन मापांनी होते : खड्ड्याच्या ठरलेल्या खुंटीपासून लांबी, रुंदी आणि खोली. मोर्टिमर व्हीलर हे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. त्यांनी येथे या शिस्तीचा आग्रह धरला आणि १९५४ च्या आपल्या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले. संगणकातील वस्तूचे स्थानही अशाच तीन अंकांनी सांगितले जाते. खुंटीच्या जागी तेथे आरंभबिंदू असतो, एवढाच भेद.

परंतु इनामगावचीच एक प्राप्ती असे दाखविते की, तीन अंकांनी स्थान कळले तरी मांडणी कळतेच असे नाही. एका घराच्या जमिनीत पुरलेली झाकणाची मातीची लंबवर्तुळाकार पेटी मिळाली. तिच्या आत मस्तक नसलेली स्त्रीप्रतिमा होती. झाकणावर मस्तक असलेली दुसरी स्त्रीप्रतिमा आणि एक बैल होता. सर्व वस्तू कच्च्या मातीच्या. आतील प्रतिमेच्या पोटास एक छिद्र आहे आणि बैलाच्या पाठीसही एक छिद्र आहे. काडी घालून दोहोंचा सांधा केला असता ती मस्तकहीन देवी बैलावर आरूढ होते. या वस्तू निरनिराळ्या ठिकाणी सापडल्या असत्या, तर त्यांच्या छिद्रांचा परस्परसंबंध ध्यानात येणे अवघड झाले असते. ‘आत’, ‘झाकणावर’ आणि ‘छिद्राशी छिद्र’ हे तीन संबंध कळले, म्हणूनच तेथे एक देवतासमूह दिसू लागला.

स्थान आणि मांडणी यांतील हा भेद पुढील विवेचनात वारंवार येणार आहे. स्थान हा एका वस्तूचा धर्म आहे आणि तो अंकांनी सांगता येतो. मांडणी हा अनेक वस्तूंचा परस्परसंबंध आहे आणि तो सांगण्यास भाषा लागते.

३

संगणकावर चित्र रेखून ते हाताळण्याचा पहिला समर्थ प्रयोग आयव्हन सदरलँड यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत केला. ‘स्केचपॅड’ नामक त्यांचा प्रबंध १९६३ चा आहे. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा ओढावी, रेषांवर ‘समांतर राहा’, ‘सारख्या लांबीच्या राहा’ अशी बंधने घालावीत आणि यंत्राने ती पाळावीत, अशी त्याची योजना होती. त्यातील दुसरी कल्पना आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. मूळ आकृती एकदाच काढावयाची आणि तिच्या हव्या तितक्या प्रती चित्रात ठेवावयाच्या. मूळ आकृतीत फेरफार केला की तो सर्व प्रतींत आपोआप उमटे. प्रत्येक प्रतीचे स्थान, आकारमान व कल मात्र स्वतंत्र असे. नाव समान व स्थान निराळे, ही वडगावांची रीत येथे दिसते. मात्र वडगावांना सर्वांच्या वर बसलेले एखादे ‘मूळ वडगाव’ नाही आणि एकातील बदल दुसऱ्यात उमटत नाही, हा भेद विसरून चालणार नाही.

सदरलँड यांचे रेखन सपाट होते. त्याच संस्थेत, त्याच वर्षी, टिमथी जॉन्सन यांनी ‘स्केचपॅड तीन’ या नावाने ते त्रिमित केले. वरून, समोरून व बाजूने अशी तीन दृश्ये आणि चौथे यथादर्शन दृश्य, अशी पडद्याची चौपदरी विभागणी तेथे आढळते. इमारतीचा नकाशा, दर्शनी उभार आणि छेद हे वेगवेगळ्या कागदांवर काढण्याची जी जुनी अभियांत्रिकी परंपरा, तीच येथे पडद्यावर आली. तिच्यामुळे संदिग्धता टळते; परंतु तीन दृश्यांचे मनात एकीकरण करण्याचा भार पाहणाऱ्यावर पडतो. नवशिक्याला तो पेलत नाही.

याच संस्थेत १९६८ ते १९७० च्या सुमारास टेरी विनोग्राड यांनी अगदी वेगळा मार्ग चोखाळला. त्यांच्या ‘श्रडलू’ या आज्ञावलीत मेजावर काही रंगीत ठोकळे व सुच्या असत आणि माणसाने साध्या इंग्रजी वाक्यांत आज्ञा द्यावयाची असे. कोणता ठोकळा कशावर ठेवावयाचा, तो रिकामा आहे काय, वर काही असल्यास आधी ते उचलले पाहिजे काय, हे यंत्र स्वतः ठरवी आणि विचारल्यास कारणही सांगे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा प्रयोग मोलाचा आहे. मांडणीची भाषा यंत्राला कळू शकते, हे त्याने दाखविले. मात्र ठोकळ्यांचे ते जग अत्यंत लहान होते आणि त्याबाहेर ती समज टिकत नव्हती.

व्यवहारात रूढ झाला तो तिसरा मार्ग. १९८२ मध्ये ऑटोडेस्क कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षाअखेर ‘ऑटोकॅड’ बाजारात आले. आज्ञेचे एक क्रियापद, नंतर वस्तूची निवड आणि शेवटी अंक, अशी त्याची वाक्यरचना होती. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर तेथे क्रियापद, कर्म आणि अंकरूप अधिकरण होते. परंतु ‘याच्या शेजारी’, ‘त्याच्या आत’ असे संबंध अंकांत रूपांतरित करण्याचे काम रेखकाला मनात करावे लागे. स्थान निश्चित झाले, पण मांडणी माणसाच्याच डोक्यात राहिली.

४

यानंतरचा अध्याय हाताचा आहे. माऊस सपाट मेजावर दोनच दिशांनी फिरतो. त्याने तीन दिशांच्या अवकाशात वस्तू कशी हलवावी? एरिक बीयर यांनी १९९० मध्ये त्रिमितीतील ‘स्नॅप-ड्रॅगिंग’ची पद्धत मांडली. वस्तू ओढत नेताना ती जवळच्या बिंदूकडे, रेषेकडे वा पृष्ठाकडे आपोआप खेचली जावी, हे तिचे सूत्र होते. वस्तू गरगर फिरविण्यासाठी मायकेल चेन यांनी १९८८ मध्ये आणि केन शूमेक यांनी १९९२ मध्ये काल्पनिक गोलाचा उपाय सुचविला. वस्तूभोवती एक अदृश्य चेंडू आहे असे समजून तो माऊसने वळवावयाचा. या साऱ्यांचे इंगित एकच : हाताला जी दिशा देता येत नाही, ती शेजारच्या वस्तूच्या आधाराने मिळवावयाची.

हे तत्त्व सामान्य माणसापर्यंत पोहोचविले ते ‘स्केचअप’ने. कोलोरॅडोतील बोल्डर येथे १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘ॲट लास्ट सॉफ्टवेअर’ या छोट्या कंपनीने ते २००० मध्ये प्रसिद्ध केले. २००६ मध्ये गूगलने ती कंपनी घेतली व साधनाची विनामूल्य आवृत्ती दिली. २०१२ मध्ये ते ट्रिंबल कंपनीकडे गेले. त्यात तीन अक्ष तीन रंगांनी दाखविलेले असतात : जमिनीवरचे दोन तांबडा व हिरवा, आणि उभा निळा. वस्तू हलविताना ती तांबड्या अक्षाच्या दिशेने चालली असेल, तर मार्गदर्शक रेषाही तांबडी होते. पाहणारा दृश्य कितीही फिरवो, अक्ष वस्तूंच्या जगाशी बांधलेलेच राहतात. ‘डावीकडे–उजवीकडे’ आणि ‘उगवतीला–मावळतीला’ यांतील जो भेद आरंभी सांगितला, तोच हा होय. नवशिक्याची ठरलेली चूक या भेदाच्या अज्ञानातून होते. एका बाजूने पाहून तो पेला मेजावर ठेवतो आणि दृश्य फिरविल्यावर पेला मेजाच्या हातभर मागे अधांतरी तरंगताना दिसतो. त्याने ‘पलीकडे’ हा शब्द नदीच्या एका तीरावरून उच्चारला, पण तीर बदलल्यावर तो उलटतो हे ध्यानी घेतले नाही.

‘टिंकरकॅड’ २०११ मध्ये आले. काई बॅकमन व मिक्को मोनोनेन हे त्याचे कर्ते. २०१३ मध्ये ऑटोडेस्कने ते आपल्याकडे घेतले. शाळकरी मुलांसाठी त्याने आधाराचा प्रश्न आणखी सोपा केला. प्रत्येक वस्तू एका आखलेल्या पाटावर येऊन बसते. ती जमिनीवर सरकविणे ही एक क्रिया आणि वर उचलणे ही दुसरी. दोहोंसाठी वेगळ्या मुठी आहेत. अधांतरी राहिलेली वस्तू एका कळीने पाटावर उतरते. वस्तू फिरविताना वर्तुळाच्या आत माऊस धरला तर ती साडेबावीस अंशांच्या टप्प्यांनी फिरते, बाहेर धरला तर एकेका अंशाने. अनेक वस्तू एका रेषेत आणावयाच्या असतील, तर डावी कड, मध्य वा उजवी कड निवडता येते. आणि त्यांतील एका वस्तूवर टिचकी मारली की ती स्थिर राहून बाकीच्या तिच्याशी जुळतात. ‘कशाच्या आधाराने?’ हा प्रश्न येथे यंत्रच विद्यार्थ्याला विचारते. साठ वर्षांच्या प्रवासाचे हे फलित मानावयास हरकत नाही.

५

आता मराठीकडे वळू. इंग्रजीत या साधनांतील मुख्य क्रिया ‘मूव्ह’, ‘रोटेट’, ‘अलाइन’, ‘ग्रूप’ अशा मोजक्या शब्दांनी सांगतात. त्यांना ‘स्थानांतरण’, ‘परिभ्रमण’, ‘संरेखन’, ‘समूहन’ असे प्रतिशब्द देणे सोपे आहे आणि सामान्यतः तसेच केले जाते. परंतु मराठीतील नित्याची क्रियापदे तपासली असता असे दिसते की, ती या क्रियांमध्ये इंग्रजीपेक्षा अधिक सूक्ष्म भेद करतात.

‘ठेवणे’ ही एका वस्तूची क्रिया. ‘मांडणे’ ही अनेकांची : पाट मांडतात, डाव मांडतात, दुकान मांडतात, वस्तूंच्या परस्परसंबंधाशिवाय मांडणे संभवत नाही. ‘रचणे’ म्हणजे एकावर एक थर चढविणे. कडबा रचतात, गोवऱ्या रचतात. ‘बसविणे’ म्हणजे एकाच्या जागेत दुसरे नेमके सामावणे. चौकटीत दार बसते, कुसू खाचेत बसते. वस्तू पृष्ठाकडे खेचली जाऊन चिकटण्याची जी क्रिया बीयर यांनी शोधिली, तिला ‘बसणे’ याहून सरस शब्द सापडणे कठीण आहे.

वस्तू फिरविण्याच्या बाबतीत हा भेद अधिकच उठून दिसतो. यंत्राला अक्ष आणि अंश सांगावे लागतात. मराठी बोलणारा फिरविण्याची रीत न सांगता अंतिम अवस्था सांगतो : उभा, आडवा, तिरपा, कलता, उताणा, पालथा. ‘भांडे पालथे घाल’ या आज्ञेत अक्षाचा उल्लेख नाही व अंशांचाही नाही. तोंड खाली आले पाहिजे, एवढाच निर्देश आहे. ज्या वस्तूला तोंड व बूड आहे तिलाच ‘पालथे’ हे विशेषण लागते. चेंडू पालथा पडत नाही. म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या अंगांचा आधार या विशेषणांच्या अर्थातच समाविष्ट आहे. विद्यार्थ्याने प्रथम ‘हा पेला पालथा हवा’ असे म्हणावे आणि मग त्यासाठी कोणत्या आडव्या अक्षाभोवती किती अंश फिरवावे याचा विचार करावा, हा क्रम अध्यापनास उपयुक्त ठरेल.

‘ग्रूप’ या शब्दाचे उदाहरण तर निर्णायक आहे. स्केचअपमध्ये एकमेकांना टेकलेल्या रेषा व पृष्ठे परस्परांत मिसळतात. ती मिसळू नयेत म्हणून त्यांचा ‘ग्रूप’ करतात. टिंकरकॅडमध्ये ‘ग्रूप’ केला म्हणजे निरनिराळे घन मिळून एकच घन होतो, आणि त्यांतील एखादा ‘पोकळ’ म्हणून नेमलेला असल्यास त्याच्या आकाराचे भोक दुसऱ्यात पडते. एका ठिकाणी हा शब्द वेगळे राखण्यासाठी आहे, दुसऱ्या ठिकाणी एक करण्यासाठी. दोन्हींना ‘समूहन’ म्हटल्यास इंग्रजीतील संदिग्धता जशीच्या तशी आपल्या पदरी पडेल. मराठीत पहिलीस ‘जुडी बांधणे’ आणि दुसरीस ‘एकजीव करणे’ म्हणता येते. जुडीतल्या काड्या सुट्याच असतात. एकजीव झालेल्या पिठात कण वेगळा राहत नाही. मात्र टिंकरकॅडमधील एकजीव केलेली वस्तू पुन्हा सुटी करता येते, पीठ येत नाही. ही मर्यादा शिक्षकाने सांगावयास हवी.

‘अलाइन’ या क्रियेसाठी सुतार-गवंड्यांची भाषा जवळची आहे. भिंत ओळंब्यात आहे, थर सुतात आहे, चौकट गुण्यात आहे, ही वाक्ये अनुक्रमे उभ्या दिशेची, आडव्या रांगेची आणि काटकोनाची जुळणी सांगतात. इंग्रजी एका शब्दाला येथे तीन पदे आहेत आणि प्रत्येक पद ज्या हत्याराने जुळणी तपासावयाची त्याच्याच नावावरून आले आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. हे शब्द आजकालचे नव्हेत, हे तिच्या वाचकांना सांगावयास नको.

यावर आक्षेप संभवतो की, बोलीतले शब्द स्थलपरत्वे बदलतात, शास्त्राला मात्र एकरूपता हवी. आक्षेप वाजवी आहे. ‘संरेखन’ हा शब्द कोठेही एकाच अर्थाने वापरता येईल. ‘ओळंबा’ शहरातील मुलास कदाचित ठाऊक नसेल. परंतु मराठी भूमितीचाच इतिहास या वादात साक्ष देतो. जॉर्ज जार्विस यांच्या देखरेखीखाली १८२० च्या दशकात मुंबईत गणिताची व भूमितीची मराठी पुस्तके सिद्ध झाली, तेव्हापासून ही परिभाषा घडत आली आहे. हिंदीने ‘समकोण’ घेतला. मराठी पाठ्यपुस्तकांत ‘काटकोन’ राहिला आणि ‘लघुकोन’, ‘विशालकोन’ या संस्कृत पदांच्या शेजारी तो निर्वेध नांदत आहे. त्यामुळे मराठी भूमितीच्या शास्त्रीयतेस कोठे बाध आल्याचे दिसत नाही. कोशात संस्कृत संज्ञा असावी आणि अध्यापनात तिच्याबरोबर कारागिराचा शब्द यावा, अशी द्विस्तर योजना त्यामुळे अव्यवहार्य म्हणता येणार नाही. ‘ग्रूप’सारख्या ठिकाणी मात्र, जेथे प्रचलित संज्ञा दोन अर्थ झाकते, तेथे कोशानेही दोन शब्द स्वीकारले पाहिजेत.

६

सारांश, त्रिमिति-रेखनाच्या साधनांनी शब्दांचा, अंकांचा व हाताचा आश्रय केला. आणि हाताचा मार्ग यशस्वी झाला तो वस्तूंच्या परस्पर-आधाराला त्याने स्थान दिले म्हणून. हा आधार मराठी वाक्यात शब्दयोगी अव्ययांनी, अवस्थावाचक विशेषणांनी आणि कारागिरांच्या पदांनी नित्य व्यक्त होतो. भीमाकाठच्या शाळेतील विद्यार्थी यंत्रापुढे बसतो तेव्हा ही समज तो घरून घेऊन आलेला असतो. भांडे पालथे कसे घालावे हे त्याला शिकवावे लागत नाही. अपरिचित संज्ञांच्या भाराखाली ती समज त्याला निरुपयोगी वाटू लागली, तर दोष यंत्राचा नसेल, परिभाषा घडविणाऱ्यांचा असेल. शिरूर व दौंड तालुक्यांतील सुतार, गवंडी व कुंभार यांच्या बोलीतील मांडणीवाचक शब्दांचा पद्धतशीर संग्रह हे त्या दृष्टीने पहिले काम होय, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील ते आहे. हा संग्रह होईल तेव्हा प्रत्येक शब्दापुढे अर्थाबरोबरच तो कशाच्या आधाराने स्थान सांगतो, याचीही नोंद व्हावी.